मोडलेल्या संकल्पाचे सुतक

एका राज्यात (नाव विचारू नका, नावगाव सांगत बसले की कथा राहते बाजूला) दर कोसावर एक मांत्रिक राहत असे, पक्षी माणसांशी बोलत असत, आणि जमिनीत भलभलते खजिने पुरलेले असत. तिथे शापाचे कोणाला फारसे नवल वाटत नसे. एखाद्याला शाप लागला की शेजारी कुंपणावरून विचारत, "कोणाचा हो?" आणि उत्तर ऐकून पुन्हा आपापल्या कामाला लागत.

राज्याचा राजा मेघकेतन. मनाने उदार, बोलायला गोड, खाण्याचा शौकीन, आणि उठण्याचा भारी कंटाळा. एकदा तळे खणताना मजुरांना सोन्याचा एक मंचक सापडला. त्या मंचकावर बसून जे मनात आणावे ते आपसूक चालत येई. लाडू म्हणताच लाडवांचे ताट येई, वारा म्हणताच पंखा हलू लागे, पाठ खाजली तर खाजवायला चांदीचा पंजा येई. राजा त्यावर बसला, तो बसलाच. न्यायनिवाडा तिथेच, जेवण तिथेच, झोप तिथेच. अशी सात वर्षे गेली. प्रजा म्हणाली, महाराज सुखी तर आपण सुखी.

एके सकाळी राणी हेमांगिनी राजाच्या पायांना तेल चोळायला बसली, तर अंगठा बोटांना टणक लागला. पाहते तर काय, अंगठा काळ्या दगडाचा!

"अहो, हे काय झाले?" राणी ओरडली.

"मुंग्या आल्या असतील," राजा म्हणाला आणि मनात बासुंदी आणली.

मुंग्या कसल्या डोंबलाच्या! राजवैद्य आले, त्यांनी अंगठ्यावर लहानशी हातोडी मारून पाहिली, ठिणगी उडाली. वैद्यांच्या तोंडचे पाणी पळाले. ते म्हणाले, "महाराज, हा मंचक शापित आहे. दगड पायांतून वर चढत जाईल. काळजापर्यंत पोचला की आपला पुतळा होईल. यावर माझ्याकडे औषध नाही." राणीने मंचक फेकून द्या म्हणून हुकूम केला. चाळीस माणसांनी जोर लावला, पण मंचक तसूभर हलला नाही.

आता या राज्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे काही कळायचे नाही. तिथे माणसाला काही नवे करायचे असले की तो चौकात उभा राहून, नगारा वाजवून संकल्प सोडी. संकल्प जितका मोठा, तितकी त्याची वाहवा. लहान संकल्प सोडणाऱ्याला लोक हसत, त्याच्या मुलाला मुलगी देत नसत. आणि संकल्प मोडला, एक दिवस जरी चुकला, तरी तो मेला असे समजत आणि त्याचे दहा दिवस सुतक धरत. त्या दहा दिवसांत संकल्प करणाऱ्याने पडून राहायचे, त्या कामाला हात म्हणून लावायचा नाही, शोक करायचा. अकराव्या दिवशी स्नान करून पहिल्याहून मोठा संकल्प सोडायचा. मला विचाराल तर हा शुद्ध आचरटपणा होता. पण मला कोण विचारतो? पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत, तिच्यापुढे कोणाचे काय चालते!

या साऱ्याची देखरेख करायला दरबारात संकल्पाचार्य भद्रमुख होते. गोल चेहरा, गोल पोट आणि नगाऱ्याला शोभेल असा आवाज. माणूस वाईट नव्हता. रीतीवर त्यांची फार भक्ती होती, एवढेच.

"महाराज," भद्रमुख म्हणाले, "दगडाला हरवायचे तर संकल्प राजाला शोभेल असा हवा. एका दिवसात किल्ल्याला एकशे आठ प्रदक्षिणा घाला, धावत."

नगारा वाजला. फुले उधळली. राजा सात वर्षांनी मंचकावरून उतरला, धावला, आणि दुसऱ्या बुरुजापाशी जो तोंडघशी पडला तो चौघांनी उचलून आणला. दहा दिवस सुतक. मंचकावर पडून राजाने शोक केला, शोकात भूक लागते म्हणून थोडे गोडधोड खाल्ले. दगड घोट्यापर्यंत चढला.

अकराव्या दिवशी दुसरा संकल्प: सहा महिने फक्त कडुलिंबाचा रस. पुन्हा नगारा, पुन्हा फुले. तीन दिवस राजाने नाक दाबून रस घेतला. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातून साजूक तुपाचा वास आला, राजाच्या मनात पुरणपोळी आली, आणि मनात आली म्हणजे मंचकावर आलीच. अकरा पोळ्या गेल्या. दहा दिवस सुतक. दगड गुडघ्यापर्यंत आला.

तेव्हा भद्रमुखांनी तिसरा संकल्प काढला. नगराबाहेर कोरी टेकडी होती. तिच्यावर वाट नाही, पायरी नाही, गुळगुळीत कातळ नुसता. तिच्या माथ्यावर मांत्रिक कालनाथ राहत असे, आणि मंचक त्याच्याच हातचा होता. शाप त्याचा, तर उःशापही त्याच्याकडेच असणार. "महाराजांनी एका दमात टेकडी चढावी," आचार्य म्हणाले, "आणि उःशाप घेऊन यावे."

राणीने कपाळावर हात मारला. "आचार्य, यांचे पाय गुडघ्यापर्यंत दगडाचे आहेत. चढणार कशाने?"

"श्रद्धेने, राणीसाहेब," भद्रमुख म्हणाले, आणि नगारा तापवायला निघून गेले.

राजा एकटा राहिला. आपण आता मरणार हे त्याला पहिल्यांदाच खरे वाटले, आणि तो लहान मुलासारखा रडू लागला. तेवढ्यात खिडकीत एक तांबट येऊन बसला. तांबट म्हणजे हिरवा, मुठीएवढा, कपाळावर लाल टिळा असलेला पक्षी. दिवसभर टुक टुक करत असतो, ना घाई ना दमणे.

"राजा," तांबट म्हणाला, "शाप सुटायला तीन कामगिऱ्या आहेत. करशील?"

"करीन," राजा डोळे पुसत म्हणाला. "पहिली कोणती? राक्षस मारायचा? समुद्र ओलांडायचा?"

"त्या कोपऱ्यात रांजण आहे. रोज सकाळी मंचकावरून उतर, सात पावले चाल, आपल्या हाताने पेलाभर पाणी घे आणि पी."

"आणि मग?"

"मग काही नाही. हवे तर परत येऊन बस."

"नगारा केव्हा वाजवायचा?"

"नगारा नको. चौकात सांगायचेही नाही."

राजाला राग आला. "पक्ष्या, थट्टा करतोस? माझ्या घोड्याचा मोतद्दारसुद्धा असला संकल्प सोडणार नाही!"

"संकल्प कोण सोडतो आहे?" तांबट म्हणाला. "तहान लागली की पाणी प्यायचे, एवढेच आहे ते." आणि टुक टुक करत उडून गेला.

राजाने भद्रमुखांना निरोप धाडला की टेकडीचा मुहूर्त पुढे ढकला. दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी बघत नाही असे पाहून, तो उतरला. दोन पायांना दळणाची दोन जाती बांधल्यासारखे झाले. सात पावलांत सात वेळा भिंत धरावी लागली. पाणी प्याला, परत आला, घामाने अंघोळ झाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कधी मनात येई, मंचकावर बसून नुसते पाणी म्हटले तर पेला चालत येईल. पण मग खिडकीत टुक टुक ऐकू येई आणि तो कुरकुरत का होईना, उतरे.

महिना झाला. वैद्यांनी दोरा लावून मोजले. दगड नखभर खाली सरला होता.

"नखभर!" भद्रमुख हसले. "महिनाभर पाणी पिऊन नखभर? महाराज, हा अपमान दगडाचा नाही, आपला आहे."

राजाचे तोंड उतरले. राणी मात्र पुढे झाली. "आचार्य, आजवर तो वर चढत होता. आज पहिल्यांदा खाली आला आहे. मला नखभर पुरे आहे." आणि तिने त्या दिवशी आपल्या हाताने रांजण घासून भरला.

पुढे सात पावलांची सवय झाली. पाणी पिऊन राजा तसाच ओसरीपर्यंत जाऊ लागला, कारण ओसरीवर ऊन छान पडे. ओसरीवरून बागेत, कारण बागेत कोणती फुले आली ते पाहायचे असे. दगड गुडघ्याखाली चार बोटे आला. मग एका सकाळी तांबट आला.

"दुसरी कामगिरी," तो म्हणाला. "रोज कोऱ्या टेकडीपाशी जा. तुझ्यासाठी रोज एक पायरी उगवेल. आधीच्या सगळ्या चढ, नव्या पायरीवर उभा राहा, आणि घरी ये. तीनशे झाल्या की माथा."

राजा काठी टेकत टेकडीपाशी गेला. कातळ थरथरला आणि त्यातून एक पायरी बाहेर आली, जशी भिंतीतून खुंटी यावी तशी. राजा तिच्यावर चढला. दुसरीची वाट पाहत राहिला. सकाळची दुपार झाली, राजाने हुकूम केला, विनवले, काठी आपटली. टेकडी ढिम्म! शेवटी उपाशीपोटी परत आला. वाटेत लोकांनी विचारले, "महाराज कुठे गेले होते?"

"पायरी चढायला."

"किती?"

"एक."

लोकांनी माना खाली घालून हसू दाबले. राजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण दुसऱ्या दिवशी तो दोन चढला, तिसऱ्या दिवशी तीन. चाळीस झाल्यावर लोकांचे हसणे थांबले, शंभर झाल्यावर काही जण आपल्या दारातून हात हलवू लागले. राजाला खरी भूक लागू लागली, आणि खऱ्या भुकेला ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणीही गोड लागते हे त्याला वयाच्या पन्नाशीत कळले. झोप अशी लागे की मंचकापेक्षा साधी चटई बरी वाटे. मंचकावर तो आता बसे ते दुपारी थोडा वेळ. दोनशे दहाव्या पायरीला दगड फक्त बोटांत उरला होता. राणी रोज संध्याकाळी बोटे मोजी आणि तिचा जीव भांड्यात पडे.

आणि मग वसंतोत्सव आला.

त्या दिवशी पहाटेपासून महालात पाहुण्यांची रीघ. राजा म्हणाला, टेकडीवर जरा उशिराने जाऊ. पाहुण्यांनी आग्रह केला, एक जिलबी, आणखी एक. राजा म्हणाला, ऊन उतरले की जाऊ. पोट जड झाले, मंचक समोरच होता, घटकाभर टेकावे म्हणून तो टेकला. मंचकही वाटच पाहत होता म्हणा ना! मऊ उशी आली, पंखा हलू लागला. राजाला गाढ झोप लागली. उठला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

उठला म्हणजे उठू गेला. उठताच येईना. दगड बेंबीपर्यंत आला होता.

महालात रडारड झाली. वैद्यांनी दोरा लावला. "राणीसाहेब, महाराज असेच पडून राहिले तर नवव्या दिवशी दगड काळजाला भिडेल."

भद्रमुख पांढरी वस्त्रे नेसून आले. त्यांचेही डोळे भरले होते, खोटे कशाला सांगू. "संकल्प गेला," ते जड आवाजात म्हणाले. "आजपासून दहा दिवस सुतक. अकराव्या दिवशी महाराज पाचशे पायऱ्यांचा संकल्प सोडतील."

"नवव्या दिवशी यांचे काळीज दगड होणार," राणी कडाडली, "आणि तुम्ही अकराव्या दिवसाची तयारी कसली करता?"

"रीत ती रीत, राणीसाहेब. माझे वडीलही सुतकातच वारले."

राजा छताकडे पाहत पडला होता. त्याच्या कानांवर काही पडत नव्हते. सात महिने, दोनशे दहा सकाळी, आणि एका जिलबीच्या ताटाने सारे मातीत गेले. "हेमांगिनी," तो म्हणाला, "मी असाच आहे ग. मला जमायचे नाही. पायऱ्या सगळ्या ढासळल्या असतील."

"पाहून आलात?"

"काय?"

"ढासळल्या म्हणता. पाहून आलात का?"

"नाही."

"मग?" राणी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि आवाज मात्र भांडणाचा होता.

राजाने खिडकीकडे पाहिले. तांबट बसला होता, पण चोच मिटून. टुक नाही की टक नाही. बाहेर दासी सुतकाचे पडदे लावत होत्या, गवई शोकगीताचे सूर जुळवत होते. मग राजा बोलला.

"आचार्य, पडदे काढा. आज सुतक नाही."

भद्रमुख दचकले. "सुतक नाही? मग आज काय आहे, महाराज?"

"आज मंगळवार आहे," राजा म्हणाला. "काल सोमवार होता, तो चुकला."

असे त्या राज्यात याआधी कोणी बोलले नव्हते.

राजाने मंचकाच्या कडेला हात टेकले आणि स्वतःला खाली लोटून दिले. धाडकन आवाज झाला, फरशीला तडा गेला. कोपरांवर जोर देत, कंबरेखालचा दगड ओढत तो सरकू लागला. राणी शेजारी गुडघ्यांवर बसली. तिने त्याला उचलले नाही, उचलणे शक्यही नव्हते. ती फक्त त्याच्याबरोबर वीतवीत पुढे सरकत राहिली. कोपरे सोलवटली. दोनदा राजा थांबला आणि गालाखाली फरशी घेऊन पडून राहिला. मागून मंचक आपोआप गोड वास सोडत होता, बासुंदीचा, जिलबीचा, सगळ्याचा. सात पावलांना दीड प्रहर लागला. राणीने पेला त्याच्या हातात दिला, त्याने स्वतः रांजणात बुडवला आणि गटागटा प्याला.

तेव्हा दगड उतरू लागला. बेंबीवरून कमरेवर, कमरेवरून मांडीवर, आणि गुडघ्यापाशी येऊन थांबला. राजाने काठी मागितली.

नगरातून तो चालत निघाला तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हते, सुतकाची दवंडी ऐकून लोकांनी दारे लावून घेतली होती. ज्या जात्यांना तो विसरला होता तीच पुन्हा पायांत आली होती. टेकडी जवळ आली तशी त्याने मान खाली घातली. ढासळलेल्या पायऱ्यांचा ढीग पाहण्याची छाती होत नव्हती.

काठीचे टोक दगडावर लागले. राजाने मान वर केली.

पायऱ्या होत्या. पहिली, दुसरी, दहावी, पन्नासावी, थेट वर, जिथे त्याने परवा सोडल्या होत्या तिथपर्यंत. एकही ढळली नव्हती. एकीचा कोपराही उडाला नव्हता. राजाने दोनदा मोजल्या. मग पहिल्या पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला, आणि रडून झाल्यावर चढू लागला.

दोनशे दहावीवर पोचेपर्यंत ऊन कलले होते. पुढे दोनशे अकरावी पायरी आधीच उगवली होती आणि तिच्यावर एक म्हातारा पाय पसरून शेंगदाणे खात बसला होता. जटा जमिनीला टेकलेल्या, डोळे निखाऱ्यासारखे. तो मांत्रिक कालनाथ होता.

"उशीर केलास," कालनाथ म्हणाला.

"एक दिवस चुकला, महाराज," राजा हात जोडून म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर माथ्यावरून खाली उतरून आलो. माझ्या मंचकावर तुझ्याआधी सतरा जण बसले. सगळे उठले, पाणी प्याले, पायऱ्या चढले. एखादा दिवस सगळ्यांचाच चुकला. चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी इथे आलेला तू पहिला. हीच तिसरी कामगिरी होती."

"पण तांबटाने ती सांगितली का नाही?"

"सांगितली असती तर तुम्ही लोकांनी तिचाही नगारा वाजवला असता!" कालनाथ खेकसला, आणि शेंगदाण्यांची मूठभर टरफले राजाच्या पायांवर फेकली.

टरफले पडली तशी दगडाला भेगा गेल्या. काळ्या खपल्या पायऱ्यांवरून गडगडत खाली गेल्या. आत राजाचे पाय होते, फिकट, सुरकुतलेले, पण जिवंत. वाऱ्याने बोटांना गुदगुल्या झाल्या तेव्हा राजा मोठ्याने हसला. त्याच घटकेला महालात मंचकाचे सोने उडाले आणि खाली बाभळीची साधी बाज उरली.

"आता उरलेल्या पायऱ्या?" राजाने विचारले.

"रोज एक. शाप सुटला, टेकडी आहे तशीच आहे." असे म्हणून मांत्रिक उठला आणि कातळात नाहीसा झाला.

दुसऱ्या दिवशी राजाने फर्मान काढले, तेही नगारा न वाजवता. राज्यात संकल्पाचे सुतक बंद. ज्याचा जो दिवस चुकला तो चुकला, त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागावे. लोक आधी बावचळले, मग हळूहळू रुळले. कोणी रोज एक ओळ वाचू लागला, कोणी विड्यापानातले एक पान कमी केले, आणि लहान कामाला हसण्याची रीत आपोआप मागे पडली. भद्रमुख आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी सकाळी ते टेकडीच्या पायथ्याशी लाजत उभे दिसले.

"महाराज," ते म्हणाले, "माझ्याही अंगठ्याला अलीकडे जरा टणकपणा वाटतो."

"या आचार्य," राजा म्हणाला. "आज एकच चढू."

मेघकेतन राजा त्यानंतर एकतीस वर्षे जगला. टेकडीचा माथा त्याने गाठला आणि पुढेही तो रोज चढत राहिला. रोज म्हणजे अगदी रोज नव्हे. कधी ताप आला, कधी पाऊस झोडपत राहिला, कधी राणीशी भांडण झाले, आणि पुष्कळदा तर नुसता कंटाळा आला. असे किती दिवस चुकले ते कोणी लिहून ठेवले नाही. पण टेकडीखाली शेळ्या चारणारे लोक सांगत, महाराज आज दिसले नाहीत तर काळजी करू नका, उद्या सकाळी येतील. आणि ते येत.